लिफ्ट नेमकी कधीपर्यंत?

सेक्रेटरी: लिफ्ट आणि थकबाकीची नोटीस वर टाकली आहे. सर्वांनी कृपया वाचावी 🙏

बी-२०३: वाचली. राग मानू नका साहेब, पण ही अशीच फलकावर लावू नका. थकबाकीच्या रकान्यात ‘प्रिन्सिपल’ लिहिताना शेवटी एल-ई आलंय. ते तत्त्व. मुद्दलाला शेवटी ए-एल लागतं.

सी-१०४: म्हणजे काही सभासदांची तत्त्वं थकली आहेत, आणि वर व्याज चढतंय 😂

बी-४०२: कुणाला टोमणा आहे हा? आमचा चेक गेलाय.

सी-१०४: काका, मी फ्लॅट नंबर घेतला का?

ए-६०२: लिफ्ट कधीपर्यंत बंद आहे?

सेक्रेटरी: टायपिंगची चूक आहे. कॉम्प्युटरने लाल रेघ दाखवली नाही, मी काय करू?

बी-२०३: दाखवणारही नाही. दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. साधा स्पेलचेक शब्द आहे की नाही एवढंच बघतो, तो योग्य जागी बसलाय का हे बघत नाही. म्हणून असे शब्द कंट्रोल-एफ दाबून एकेक शोधायचे. तुमच्याच नोटिशीत पुढे ‘लिफ्ट वर्क विल इफेक्ट ऑल रेसिडेंट्स’ आहे. तिथे ए ने सुरू होणारं ‘अफेक्ट’ हवं. ई चं ‘इफेक्ट’ सहसा नाम असतं, त्याच्या आधी ‘द’ किंवा ‘अ‍ॅन’ बसतो. ते क्रियापद म्हणून वापरलं तर अर्थ होतो घडवून आणणं.

सी-१०४: लिफ्टच्या कामातून नवे रहिवासी घडणार. पार्किंग आधीच कमी आहे हो!

ए-३०१: यात मराठीचाही हात आहे. आपण ‘परिणाम होतो’, ‘सल्ला देतो’ म्हणतो, नाम तेच राहतं आणि क्रियापद वेगळं जोडतो. इंग्रजीत शब्दच बदलतो. सल्ला म्हणजे ‘अ‍ॅडव्हाइस’, सी ने. सल्ला देणं म्हणजे ‘अ‍ॅडव्हाइझ’, एस ने. उच्चार नीट केला की स्पेलिंग आपोआप सुधारतं. हरवणं ते ‘लूझ’, एकच ओ. सैल ते ‘लूस’, दोन ओ. नोटिशीत ‘डोन्ट लूस युवर कीज’ आहे, दोन ओ घालून.

सी-१०४: किल्ल्या सैल सोडू नका 🙏

बी-४०२: भावना पोचल्या ना? मग विषय संपला. कमिटीचे लोक फुकट राबतात.

बी-२०३: राबतात, मान्य. पण गेल्या सभेच्या वृत्तांतात पाहुण्यांच्या पार्किंगला ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिताना मधे आय ऐवजी ई पडला होता. आय असेल तर मोफत, ई असेल तर पूरक. त्यावर किती वेळ गेला, आठवतं ना?

बी-४०२: आठवतं. तो विषय कुणी वाढवला तेही आठवतं.

ए-६०२: लिफ्ट कधीपर्यंत बंद आहे? दुसऱ्यांदा विचारतेय.

सेक्रेटरी: ताई, लिहिलंय की. ‘लिफ्ट विल बी स्टेशनरी टिल टेन्थ’.

सी-१०४: वह्या-पेन्सिली लिफ्टमध्येच मिळणार का?

ए-३०१: 😄 स्थिर असेल तर शेवटी ए-आर-वाय, कागद-पेनांना ई-आर-वाय. एन्व्हलपचा ई, असं लक्षात ठेवा. गंमत म्हणजे मूळ एकच. फिरता विक्रेता नव्हे, एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर, आणि त्याचा माल ती स्टेशनरी. पण नोटिशीत यातलं काहीच नको. लिफ्ट ‘आउट ऑफ सर्व्हिस’ लिहा.

बी-४०२: एवढं बारीक बघायचं तर नोटिशीतलं ‘लेस ट्रिप्स’ पण चूक. मोजता येतं तिथे ‘फ्यूअर’.

बी-२०३: ते तितकं कडक नाही. १७७० मध्ये इंग्रजी भाषेवर पुस्तक लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी ती स्वतःची पसंती म्हणून लिहिली, नियम पुढे लोकांनी केला. औपचारिक नोटिशीत ‘फ्यूअर’ बरं दिसतं, एवढंच.

बी-४०२: म्हणजे मी बोललो की नियम सैल. दोन ओ चा.

ए-६०२: लिफ्ट. कधीपर्यंत. बंद?

ए-३०१: ताईंचा प्रश्न खरा आहे, आणि घोळ आपल्या ‘पर्यंत’ मध्ये आहे. ‘दहापर्यंत बंद राहील’ आणि ‘दहापर्यंत काम पूर्ण होईल’, दोन्हीकडे आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत स्थिती चालू राहणार असेल तर ‘टिल’, आणि एखादी गोष्ट उशिरात उशिरा तेव्हा होणार असेल तर ‘बाय’. खाली थकबाकी ‘टिल टेन्थ’ भरा असं आहे, तिथे ‘बाय’ हवं. नाहीतर दहा तारखेपर्यंत रोज भरत बसायचं.

खजिनदार: माझी हरकत नाही 😀

सेक्रेटरी: ठीक. लिफ्टला ‘टिल’ ठेवतो, थकबाकीला ‘बाय’ करतो. बाकी दुरुस्त्याही घेतल्या. लिफ्ट दहापर्यंत बंद. झालं समाधान?

ए-६०२: दहा धरून की सोडून?

ए-३०१: ‘टिल’ वरून ते कळत नाही. ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’ लिहा, किंवा सरळ अकराला सकाळी सुरू होईल असं लिहा.

सेक्रेटरी: मेकॅनिकला विचारून सांगतो.