डाग मोजत बसू नका

तुमच्या बहिणीला एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब करणारा आजार) निदान झालं आणि एमआरआयच्या रिपोर्टमधले 'अनेक डिमायलिनेटिंग प्लाक', म्हणजे ते आवरण गेलेल्या जागांचे डाग, हे शब्द वाचून घरात कुणी जेवलं नाही, हे वाचून पोटात कालवलं. माझ्या नवऱ्याच्या वेळी आम्हीही तो कागद हातात धरून रात्री दोनपर्यंत जागे होतो.

टी-टू आणि फ्लेअर या एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रांत दिसणारे पांढरे डाग बहुतेकदा वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यात जुने-नवे सगळे आले. गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचं इंजेक्शन देऊन काढलेल्या चित्रात काय उजळलंय ते विचारा. उजळलेला डाग म्हणजे तिथे सध्या दाह चालू आहे. तो उजाळा सहसा काही आठवड्यांत ओसरतो. शिवाय डाग कुठे आहे हेही बघावं लागतं. मज्जारज्जूतला एखादा छोटासा डाग पाय जड करतो, मेंदूतले कितीतरी जाणवतही नाहीत. ह्यांच्या रिपोर्टमध्ये चौदा होते, आणि तेव्हा हे दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढत होते!

न्यूरोलॉजिस्टकडे नुसता रिपोर्ट नको, चित्रांची सीडीही न्या. पुढचा एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर करा, तुलना नीट होते. आणि डॉक्टरांशी बोलताना बहिणीला बाहेर बसवू नका, प्लीज.