शब्दचर्चा: चोरओटी, ओटी आणि डोहाळे

प्रश्न: डोहाळजेवणाआधी 'चोरओटी' भरतात, काही घरांत 'चोरचोळी' म्हणतात. यात चोर कोण? आणि ओटी म्हणजे नेमकं काय? पदर, मांडी, की आत घालतात ते धान्य? कार्यक्रमाच्या पत्रिकेत काय लिहावं तेही सांगा.

उत्तर: इथे चोरी कोणाचीच नाही. चोरखिसा, चोरदरवाजा, चोरपावलं यांतलाच हा 'चोर': लपलेला, गुपचूप. साधारण तिसऱ्या महिन्यात (काही घरांत पाचव्यात) सासू किंवा आई घरातल्या घरात, शेजारणीलाही न बोलावता ओटी भरते आणि हिरव्या खणाची चोळी देते. दिवस गेल्याची बातमी बाहेर फुटू नये, कोणाची नजर लागू नये, हा हेतू. गर्भपात बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. बायकांना हे अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून गाजावाजा सातव्या महिन्यापर्यंत राखून ठेवला.

आता ओटी. बेंबीखालचा पोटाचा भाग म्हणजे ओटी, 'ओटीपोट' म्हणतो तोच. त्याच्यापुढे पदराची झोळी धरली की तीही ओटी आणि त्यात पडतं तेही ओटीच. जिथे गर्भ वाढतो त्याच जागेसमोर धान्य आणि फळ धरायचं, म्हणून 'भरणे' हे क्रियापद. मूल दत्तक देतानाही आपण 'ओटीत घातलं' म्हणतो. गुजरातीत 'खोळो भरवो', हिंदीत 'गोद भराई'. त्या दोन्ही शब्दांत मांडी आहे, मराठी शब्द मात्र थेट पोटाशी जातो.

साहित्य: तांदूळ किंवा गहू, नारळ, खण, सुपारी, खारीक, बदाम, हळकुंड. गर्भवतीसाठी लेकुरवाळं हळकुंड मुद्दाम शोधतात, म्हणजे ज्याला बाजूने लहान फुटवे आहेत असं. नारळ कानाशी हलवून पाणी वाजतंय ना ते पाहावं. आधी हळदकुंकू, मग ओंजळीने पाच वेळा (कुठे तीन) धान्य, मग बाकीचं. ओटी मिळाल्यावर चिमूटभर दाणे परत तबकात टाकतात, देणारीचं ताट रितं राहू नये म्हणून.

चूक होते ती वजनाची. सोललेला नारळच अर्ध्या किलोच्या आसपास, त्यात दहा जणींच्या ओंजळी. सिंथेटिक साडीचा पदर निसटतो आणि नारळ पायावर पडतो. सातव्या महिन्यात तिला बसवूनच भरावी, पदराचं एक टोक दुसऱ्या कोणीतरी धरावं आणि दोघी-तिघींनंतर ओटी सुपात रिकामी करावी. ओटी सवाष्णीनेच भरावी हा जुना दंडक आहे. तो सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं. शब्दात तशी कुठलीही अट नाही.

भर: गावाकडे 'वटी भरली' ऐकू येतं, ते ओटीचंच रूप. कोकणातल्या घराची ओटी (ओटी, पडवी, माजघर) मात्र वेगळी, ती ओट्याच्या कुळातली. दोन्ही एकत्र करू नका.

प्रश्न: आणि डोहाळे? एकवचनात चालतो का?

उत्तर: 'डोहाळा' होतो, पण वापरात बहुवचनच: डोहाळे लागतात, पुरवतात. समासात शेवटचा 'ए' गळतो आणि शब्द जोडून लिहायचा, डोहाळजेवण. 'डोहाळ जेवण' असं तोडू नये.

मूळ संस्कृत 'दोहद'. त्याची उकल 'दौहृद', म्हणजे दोन हृदयांची अवस्था, अशी करतात. आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या स्त्रीला द्विहृदया म्हटलंय. चरकसंहितेत हाच टप्पा तिसऱ्या महिन्यात येतो. आपण 'दोन जिवांची' म्हणतो ते अगदी हेच. इच्छा तिची एकटीची नाही, आतल्या जिवाचीही आहे, म्हणून ती मोडायची नाही. मोडली तर मूल कुबडं, लंगडं, ठेंगणं होतं अशी भीतीही सुश्रुताने घातली आहे. ते खरं नाही, पण त्या भीतीने सुनेच्या ताटात हवं ते पडत असे. एक सावधगिरी: माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटले तर ते डोहाळे म्हणून पुरवू नयेत. बऱ्याचदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते, हिमोग्लोबिन तपासावं.

भर: 'दृष्ट काढणे' हा मराठी प्रयोग, 'नजर उतरवणे' हिंदीकडून आलेला. मुठीत मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन तिच्यावरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. निखारा अंगणात किंवा उघड्या खिडकीशी ठेवा. बंद खोलीत मिरचीचा धूर कोंडला की गर्भवतीला खोकल्याची उबळ येते, तीही पोटावर ताण देणारी.

ग्रहण 'पाळतात', 'करत' नाहीत. त्या वेळी गर्भवतीने चिरायचं-कापायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत. वरचा ओठ जुळतो तो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात, तेव्हा सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा त्याच्याशी संबंध येत नाही. विळी बाजूला ठेवून आराम मिळत असेल तर जरूर पाळावं. पाणी आणि जेवण मात्र तोडू नये.

पत्रिकेबद्दल: 'डोहाळजेवण' किंवा 'ओटीभरण' लिहा. दोन्ही जोडून. 'गोदभराई' नको, घरचा शब्द असताना. चोरओटीला पत्रिका नसतेच.