डॅशकॅम सुचवा: बजेट ४ हजार, गाडी वॅगनआर, नाशिक

इंदिरानगर_२२
नमस्कार मंडळी. गेल्या मंगळवारी संध्याकाळी द्वारका चौकातल्या सिग्नलला उभा होतो. मागून रिक्षा आली, डावीकडून घुसायला गेली आणि मागच्या दारापासून बंपरपर्यंत ओरखडा काढला. वर रिक्षावालाच खाली उतरून म्हणाला, "तुम्हीच गाडी मागे घेतली." चार जण जमले, चौघेही त्याच्या बाजूने. शेवटी १५०० रुपये देऊन सुटलो. चूक नसताना पैसे दिले हे अजून डोक्यातून जात नाही.

गाडी २०१७ ची वॅगनआर, पेट्रोल. बजेट मेमरी कार्डासकट ४ हजार, त्यावर एक रुपयाही नाही. आठवडाभर गाडी वडील चालवतात, वय ६८. मी शनिवार-रविवार. फिरणं शहरातच, महिन्यातून एकदा कसाऱ्यावरून ठाण्याला बहिणीकडे. सोसायटीत शेड नाही, गाडी दिवसभर उन्हात. डॅशकॅम, म्हणजे काचेवर लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, कुठला घेऊ?

पाथर्डीफाटा_डिझेल
४ हजारात डॅशकॅम घेऊच नको भाऊ. मी पुढे जास्त स्पष्ट चित्राचा ४के आणि मागे त्याहून कमी, १०८०पी, असा दोन कॅमेऱ्यांचा जोड घेतला, जीपीएस आणि वायरिंग धरून १६ हजार गेले. समृद्धीवर भरवीरला चढलो की शिर्डीपर्यंत प्रत्येक ओव्हरटेक करणाऱ्याची नंबरप्लेट वाचता येते. एकदाच खर्च कर, चांगला कर.

सिडको_जुना
त्यांनी बजेट ४ हजार सांगितलंय, तुम्ही १६ सांगताय.
माझ्याकडे ७०माय कंपनीचा एम३०० आहे, दोन वर्षं झाली. १२९६पी, आकाराने लहान, आरशामागे दडून जातो. पडदा नाही, सगळं मोबाईलच्या अ‍ॅपवर. काही तक्रार नाही. डोळे झाकून घ्या.

गंगापूररोड_ताई
मागचा कॅमेरा हवाच. तुम्हाला धडक मागून बसली ना? मग पुढचा घेऊन काय उपयोग? माझ्या बलेनोला दोन्ही आहेत.

अंबड_शिफ्टवाला
कॅमेरा कुठलाही घ्या, माझं कार्डाचं ऐका.

गेल्या वर्षी सिन्नरहून येताना मोहदरी घाटात पिकअपने आरसा उडवला आणि निघून गेला. मी निश्चिंत होतो, डॅशकॅम होता ना. लाल दिवा लुकलुकत होता, रोज लुकलुकायचा. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं तर शेवटची फाइल तीन महिन्यांपूर्वीची. कार्ड मेलं होतं आणि कॅमेरा नुसताच दिवा दाखवत होता. आरसा स्वतःच्या खिशातून बसवला.

डॅशकॅममध्ये रेकॉर्डिंग गोल फिरत असतं. कार्ड भरलं की जुनं पुसायचं, नवीन लिहायचं, गाडी चालू असेपर्यंत हेच. मोबाईलचं साधं कार्ड त्यासाठी बनलेलंच नसतं. पाकिटावर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या, सँडिस्क आणि सॅमसंग दोघांचंही मिळतं. ६४ जीबीत १०८०पीचं साधारण सात-आठ तासांचं रेकॉर्डिंग मावतं, शहरात तेवढं पुष्कळ. बाजारात नकली कार्डं फार आहेत. बाहेर ६४ लिहिलेलं, आत ८ सुद्धा नसतात. आणल्या आणल्या एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा, वेळ लागतो पण खरं-खोटं कळतं. आणि महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट मारा. मी आता दर एक तारखेला मारतो, आधी एक फाइल उघडून बघतो आणि मगच.

सिडको_जुना
कार्डाचं बरोबर आहे. मी पण हेच सांगणार होतो.

पंचवटी_रामघाट
द्वारकेचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबई-आग्रा आणि पुणे रस्ता तिथे एकत्र येतात, त्यात रिक्षा थांब्यावर न थांबता मधोमध थांबतात. कॅमेऱ्याने काय होणार? आधी चौक सुधारला पाहिजे.

नाशिकरोड_स्टेशन
सगळं रिक्षावर ढकलू नका. माझे वडील तीस वर्षं रिक्षा चालवत होते, एकदाही कुणाला खोटं पाडलं नाही. गाडीवाले सिग्नलला डावी बाजू अडवून उभे राहतात, तेही लिहा.

पंचवटी_रामघाट
सगळ्यांना नाही म्हटलं दादा. पण संध्याकाळी सहा ते आठ एकदा उभे राहून बघा.

निफाड_बागायतदार
उन्हाचं कोणी बोललंच नाही, आणि गाडी उघड्यावर असेल तर तेच पहिलं बघायचं. माझा पहिला कॅमेरा दोन उन्हाळे टिकला. एप्रिलमध्ये दुपारी बागेतून आलो, गाडी उघडली तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण फुगून उघडलेलं आणि आतली बॅटरी पापडासारखी वर आलेली. हात लावायची भीती वाटली, बादलीत वाळू घेऊन त्यात टाकला.

आत लिथियमची बॅटरी असते, ती काचेमागच्या उन्हात फुगते. घेताना विचारायचं की बॅटरी आहे की सुपर कपॅसिटर. कपॅसिटर उष्णता बरीच सोसतो. त्याच्यात साठा थोडाच, गाडी बंद झाल्यावर चालू फाइल नीट बंद करण्यापुरता. पण आपल्याला तेवढाच लागतो. दुकानदाराला माहीत नसेल तर खोक्यावर बघा, कपॅसिटर असेल तर कंपनी मोठ्या अक्षरात लिहिते.

कॉलेजरोड_स्विफ्ट
पार्किंग मोड घ्या. गाडी बंद असतानाही रेकॉर्ड होतं. त्यासाठी हार्डवायर किट लागतं, फ्यूज बॉक्सातून तीन वायरी: एक कायम चालू, एक चावीबरोबर चालू होणारी, एक अर्थिंगची. गाडीची बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली आली की किट आपोआप तोडतं. मी स्वतः बसवलं, दीड तास लागला.

सातपूर_ऑटोइलेक्ट्रिक
माझं कामच हे आहे म्हणून सांगतो. वायर कापून जोड देऊ नका, कोणालाही देऊ देऊ नका. फ्यूजच्या जागी बसणारा टॅप मिळतो, तोच वापरायचा. २०१७ च्या गाडीला कंपनीची वॉरंटी राहिली नाही तरी कापलेली वायर पुढे त्रास देतेच. आणि बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर पार्किंग मोडच्या नादी लागू नका. सकाळी सेल्फ मारला आणि गाडी उठलीच नाही, अशी गिऱ्हाइकं हिवाळ्यात माझ्याकडे येतात.

कॉलेजरोड_स्विफ्ट
कटऑफ १२ व्होल्टवर लावला तर काही होत नाही. माझं एक वर्ष झालं.

सातपूर_ऑटोइलेक्ट्रिक
तुमची बॅटरी नवी आहे. त्यांची विचारली का?

इंदिरानगर_२२
बॅटरी २०२१ ची आहे. पार्किंग मोड नको मग.
एक अडचण लिहायची राहिली. वडिलांना अ‍ॅप जमणार नाही. त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे पण वायफाय जोडा, फाइल उतरवा हे त्यांच्याकडून होणार नाही. आणि काही घडलं तर ते एकटेच असणार.

सिडको_जुना
शिकवा त्यांना, दोन दिवसांत येतं. माझी सासू वापरते.

गंगापूररोड_ताई
मी पुन्हा सांगते, मागचा कॅमेरा घ्या. ५-६ हजारात दोन्ही मिळतात, थोडं बजेट वाढवा.

कोर्टरोड_वकील
कायद्याचं थोडं सांगते, कारण अपघात घडल्यावर सगळे हेच विचारत येतात. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी हेच ६५ब खाली होतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते, म्हणजे फाइलवरून निघणारा आणि ती बदलली की बदलणारा आकडा. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या क्लिपवर विसंबू नका, त्यात फाइल बदलते. घटना घडली की इंजिन बंद करून कार्ड काढायचं, पाकिटात ठेवायचं, कॅमेऱ्यात दुसरं घालायचं. मूळ कार्डाला हात लावायचा नाही.

आणि तारीख-वेळ बरोबर ठेवा. माझ्या एका पक्षकाराच्या रेकॉर्डिंगवर पाच वर्षांपूर्वीची तारीख होती. समोरच्या वकिलांनी अर्धा तास त्यावरच घालवला.

पाथर्डीफाटा_डिझेल
म्हणूनच जीपीएसवाला घ्या म्हटलं, वेळ आपोआप जुळते. वेगही दिसतो.

कोर्टरोड_वकील
वेग तुमचाही दिसतो, दादा. ८० च्या रस्त्यावर ११० असेल तर तोच पुरावा तुमच्यावर उलटतो.

अंबड_शिफ्टवाला
अजून एक. आपल्या रस्त्यांवर जी-सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला धक्का ओळखणारा भाग, 'लो' वर ठेवा. खड्डा लागला की कॅमेऱ्याला धडक वाटते, फाइल लॉक होते आणि लॉक झालेली फाइल पुसली जात नाही. सध्या सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत, आठवड्यात कार्ड अशा फायलींनीच भरेल.

निफाड_बागायतदार
रात्री प्लेट दिसते का तेही विचारा. नव्या चकचकीत प्लेटवर आपलाच हेडलाइट पडला की नुसता पांढरा चौकोन दिसतो. एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, एक पायरी खाली केलं तर थोडा फरक पडतो. मी गाडी अडचणीची वाटली की नंबर तोंडाने मोठ्याने बोलतो, माइकमध्ये येतो.

इंदिरानगर_२२
घेतला. काल एमजी रोडला वडिलांना सोबत घेऊन गेलो.

फक्त पुढचा, १०८०पी, तीन इंची पडदा, कपॅसिटरवाला. अ‍ॅप नाही, जीपीएस नाही, मागचा नाही, हार्डवायर नाही. लायटर सॉकेटमध्येच लावला, वायर डाव्या खांबाच्या रबराखालून नेली. कॅमेरा २७०० आणि ६४ जीबीचं हाय एन्ड्युरन्स कार्ड धरून ३७५० झाले.

ताई, मागच्या कॅमेऱ्याचं तुमचं म्हणणं पटतं, माझं नुकसान मागूनच झालं होतं. पण दुकानात वडिलांनी दोन-तीन कॅमेरे हातात घेतले आणि पडदा असलेल्याचं बटण दाबून स्वतःच आधी रेकॉर्ड झालेली क्लिप चालवून बघितली. "हे मला जमतं," म्हणाले. त्या दिवशी द्वारकेला मी होतो म्हणून १५०० वर भागलं. ते एकटे असते तर? त्यांना तिथल्या तिथे पडद्यावर दाखवता आलं पाहिजे की गाडी जागची हलली नव्हती. पुढचा कॅमेरा तेवढं नक्की दाखवतो, समोरचा सिग्नल आणि पुढची गाडी जागच्या जागी दिसतात.

गंगापूररोड_ताई
मग विचारलं कशाला? सगळ्यांनी एवढं लिहिलं.

सिडको_जुना
अ‍ॅपशिवाय घेतला म्हणजे नंतर पस्तावाल. पण अभिनंदन.

सातपूर_ऑटोइलेक्ट्रिक
चांगलं केलंत. सॉकेट चावी काढल्यावर बंद होतो का तेवढं बघा. नसेल तर काकांना उतरताना प्लग ओढायला सांगा.

इंदिरानगर_२२
तपासलं, बंद होतो.
आज सकाळी वडील त्र्यंबक रोडने भाजी घेऊन आले आणि स्वतःहून म्हणाले, यात तारीख चुकीची दाखवतेय. बघितलं तर २०२० दाखवत होता. वकील ताईंचा मेसेज त्यांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून बसून वेळ जुळवली, मला हात लावू दिला नाही. आता दर एक तारखेला फॉरमॅट मारायचं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, गॅसच्या नंबराखाली.