अनुभव धागा : ऑनलाइन टीकेनंतर तुमच्या पुढच्या कामाचं काय झालं?

आपल्याकडे नाटक पडलं की दुसऱ्या दिवशी बाजारात तोंडावर ऐकावं लागतं. त्याची सवय आहे. फोनवरची टीका वेगळी. बोलणारा कोण ते कळत नाही आणि त्याचं बोलणं मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतं. गोव्यातल्या लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, मूर्ती घडवणाऱ्या सगळ्यांनी लिहा. टीका बरोबर होती की नाही हे बाजूला ठेवू. त्यानंतर तुम्ही काय केलं, काय करायचं सोडलं, ते सांगा.

उत्सवी नाटकांचा लेखक, फोंडा तालुका
कालोत्सवाला देवळासमोर तीन अंकी नाटक केलं. नायिका एका जागी वाक्य विसरली, तेवढाच तुकडा कुणीतरी मोबाइलवर टिपून पसरवला. खाली नुसता हशा. हसणाऱ्यांतल्या बहुतेकांनी नाटक पाहिलंच नव्हतं. मुलगी तालमीला यायची बंद झाली.

पण मला सांगायचंय ते पुढचं. नव्या संहितेत नायिकेला एकही लांब स्वगत नव्हतं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, हातच आखडला. वडिलांच्या काळी विंगेतला प्रॉम्प्टर सांभाळून घ्यायचा आणि समोरचे लोकही, कारण रंगमंचावर त्यांच्याच घरची पोरं असायची. आता मंडळाने प्रयोगात चित्रीकरणाला बंदी घातलीय. मुलगी परत आली, छोटं काम करते. स्वगत मला अजून जमत नाही.

गणपतीची चित्रशाळा, डिचोली
डोळे आखण्याआधीच्या मूर्तीचा फोटो भाच्याने टाकला. ‘देवाचं तोंड असं?’ म्हणून लोक तुटून पडले. आता रंगकाम पुरं होईपर्यंत फोटो बंद. बाकी काही बदललं नाही. मूर्ती न्यायला पाट घेऊन येणारं गिऱ्हाईक बोलेल ते खरं.

कवयित्री, पणजी
घरी कोकणी, कविता मराठीत. कोकणीला राजभाषा करणारा कायदा १९८७ चा, पण अजूनही कविता टाकली की भांडण भाषेवरच. एक म्हणतो मराठीत का, दुसरा म्हणतो ही कसली मराठी. कवितेबद्दल कुणीच बोलत नाही, ते जास्त लागतं. मी मानसशास्त्र शिकवते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांच्या १९७९ च्या प्रयोगात, कामाचं परीक्षण होणार असं आधीच कळलेल्या विद्यार्थिनींची कोलाजं इतरांपेक्षा कमी सर्जक ठरली होती. माझं तेच होतं. आईच्या तोंडचा कोकणी शब्द ओळीत आला की लिहिता लिहिता मी मनात टीकाकारांना उत्तरं द्यायला लागते. सध्या वहीतच लिहिते आणि मैत्रिणींना वाचून दाखवते. शब्द परत यायला लागलेत.

घुमट आरती पथक, साखळी
घुमट म्हणजे तोंडाला चामडं मढवलेलं मातीचं वाद्य. ते २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य झालं, तेव्हापासून आमचे व्हिडिओ बाहेरचेही बघतात. ‘घोरपड मारून वाजवता?’ असं एकाने शिवीसकट विचारलं. शिवी झोंबली, प्रश्न मात्र रास्त होता. जुनी घुमटं घोरपडीच्याच चामड्याने मढवत आणि आता तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आमची बकरीच्या चामड्याची. आता प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला पथकातला धाकटा पोर चामडं जवळून दाखवतो आणि नादातला फरक सांगतो. तो प्रश्न हल्ली येत नाही. शिव्या येतात, त्या आम्ही काढून टाकतो.