नॅरोबोटवर दोघांनी कायमचं राहणं: कोणी केलंय का?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा रेडिंगला फ्लॅटमध्ये राहतो. महिन्याला चौदाशे पौंड भाडं, वर काउन्सिल टॅक्स, गॅस आणि वीज वेगळी. रविवारी केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने चालायला जातो तेव्हा रांगेने लागलेल्या नॅरोबोटी, म्हणजे कालव्यावरच्या अरुंद लांबट बोटी, दिसतात, छतावर लाकडं, कुंड्या, सायकली. परवा एक ५७ फुटी बोट विकाऊ दिसली, १९९८ची. मालक ४८ हजार म्हणतोय. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. दोघांचंही काम लॅपटॉपवरचं. बोट बांधायला कायमची जागा न घेता फिरत राहायचं असं मनात आहे.

रोजचं कसं चालतं ते कोणी सांगेल का? पाणी, वीज, संडास, थंडी, स्वयंपाक. रोज पोळी-भाजी करणारं घर आहे आमचं. आणि आई-बाबा दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात येतात, त्यांचं काय करायचं?

कालव्यावरची

आम्ही दोघं सहा वर्षं बोटीवर राहतोय, याच कालव्यावर, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते हंगरफर्ड या पट्ट्यात. मी मूळची साताऱ्याची. लिहायला बसलेच आहे तर मोकळेपणाने लिहिते.

फक्त भाडं वाचवायला घेत असाल तर घेऊ नका. लायसन्स, विमा, कोळसा, डिझेल, गॅस हे आहेच. कायमची जागा नसलेल्या बोटींना एप्रिल २०२४ पासून लायसन्सवर जादा आकार लागतो. दर चार वर्षांनी बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट, दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा रंग. घरासारखं कर्जही मिळत नाही. आणि ती १९९८ची बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे केल्याशिवाय एक पौंड देऊ नका. तळाचा पत्रा नवीन असताना साधारण १० मिलीमीटर असतो, बाजूंचा ६. सर्व्हेअर जागोजागी जाडी मोजतो. ४ मिलीमीटरच्या खाली गेला असेल तर विमा कंपन्या अडून बसतात आणि खालून नवा पत्रा जोडावा लागतो.

आता रोजचं. जमिनीवर ज्या गोष्टी नळ फिरवला की येतात आणि फ्लश केलं की जातात, त्या सगळ्या इथे आपण हाताने आणतो आणि हाताने नेतो. आमची पाण्याची टाकी ४५० लिटरची. दोघांना दहा-बारा दिवस पुरते, पण आंघोळीला अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण, मग पुन्हा पाणी. गावी विहिरीवरून पाणी आणणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे मला हे जमलं. नवऱ्याला पहिलं वर्ष फार जड गेलं.

संडासाबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. आमच्याकडे कॅसेट आहे, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, वीस लिटरची. तीन दिवसांत भरते. ती उचलून टोपाथवरून (कालव्याकाठची पायवाट) एल्सनच्या जागेवर, म्हणजे कॅसेट रिकामी करायच्या ठिकाणी, न्यायची, ओतायची, धुवायची. जवळ असेल तर बरं, नाहीतर हातगाडीवर घालून अर्धा-पाऊण मैल. पहिल्याच आठवड्यात आम्ही ठरवलं की एकदा तो, एकदा मी, कितीही पाऊस असो. हे एकट्या बाईच्या किंवा एकट्या पुरुषाच्या गळ्यात पडलं की घर बिघडतं. माझ्या डोळ्यांसमोर दोन जोडपी यावरून बोट विकून गेली.

वीज छतावरच्या सोलरवर. एप्रिल ते सप्टेंबर भरपूर, डिसेंबरात जवळजवळ काहीच नाही. मग रोज तास-दोन तास इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या. बांधलेल्या बोटीचं इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ चालवायचं नाही, त्यामुळे दिवसाची आखणी त्याप्रमाणे. माझा मिक्सर इंजिन चालू असतानाच फिरतो. इडलीचं पीठ, ओली चटणी, दाण्याचा कूट, सगळं त्या तासाभरात उरकून घेते. ऑफिसच्या मीटिंगाही त्याच्या आधी नाहीतर नंतर, कारण इंजिनाच्या आवाजात बोलता येत नाही.

पोळ्या उत्तम होतात. गॅस १३ किलोच्या प्रोपेनच्या बाटलीचा. ब्यूटेन घेऊ नका, पाणी गोठायच्या थंडीत त्याचा वायूच होत नाही आणि सकाळी चहा मिळत नाही. हिवाळ्यात डाळ-भात मी गॅसवर ठेवतच नाही, कोळशाच्या स्टोव्हवर जाड बुडाच्या पातेल्यात ठेवते. पीठ आंबवायलाही त्याच्या शेजारचा कोपरा. पण स्वयंपाकाची सगळी वाफ खिडक्यांवर जाऊन बसते. थंडीत रोज उठल्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्या खिडक्यांच्या कडा फडक्याने टिपणं. महिनाभर आळस केला तर गादीच्या खालून काळी बुरशी येते, आमच्या पहिल्या गादीचं तेच झालं. त्यामुळे थंडी वाजते म्हणून छतावरची झरोक्यांची तोंडं कधीही कपडा कोंबून बंद करू नका. स्टोव्ह जळतोय आणि हवा नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. २०१९ पासून राहत्या बोटींना त्याचा अलार्म सक्तीचा आहे. आमचे दोन आहेत, एक स्टोव्हकडे, एक उशाशी.

एक रात्र सांगते. क्रॉफ्टनजवळ दोन लॉकच्या (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी, दोन्हीकडे दारं असलेली कुंडं) मधल्या तुकड्यात बोट बांधली होती. पहाटे तीनला देव्हाऱ्यातली समई माझ्या पायावर येऊन पडली. डोळे उघडले तर बोट कलंडलेली, डबे कपाटातून सरकतायत, तुपाची बरणी जमिनीवर फिरतेय. खालच्या लॉकचं पॅडल, म्हणजे पाणी सोडायची झडप, कोणीतरी पूर्ण बंद न करता गेलं होतं, आणि रात्रभरात आमच्या खालचं पाणी निघून गेलं होतं. एक कड चिखलात, दोर तारेसारखे ताणलेले. नवरा सुरी घेऊन दोराजवळ उभा राहिला आणि मी विंडलस (पॅडल फिरवायचं हँडल) घेऊन नाइटीवर जॅकेट घालून खाली पळाले. पॅडल बंद केलं, मग दोघांनी वरच्या लॉकमधून हळूहळू पाणी सोडलं. पावणेदोन तासांनी बोट सरळ झाली. त्या दिवसापासून बोट कुठेही बांधली की झोपण्याआधी मी आजूबाजूचे लॉक पाहून येते.

नॅरोबोट बाहेरून ६ फूट १० इंच रुंद. आत एकाला जायचं असेल तर दुसऱ्याने बाकावर बसायचं. राग आला तर दार लावून बसायला दुसरी खोली नाही. आमच्यात एक नियम आहे: बोलणं कुठेही अर्धवट राहिलेलं असो, लॉक आला की ते थांबतं. डिव्हायझेसला २९ लॉक आहेत, त्यातले केन हिलचे १६ एका रेषेत चढणीला. सुकाणू माझ्याकडे, पॅडल त्याच्याकडे, इंजिनाच्या आवाजात फक्त हाताच्या खुणा. उतरताना वरच्या दाराच्या आत एक दगडी पायरी असते, काठावर पांढऱ्या रेघेने दाखवलेली. बोटीचा मागचा भाग त्या रेघेच्या मागे राहिला तर पाणी उतरल्यावर तो पायरीवर अडकतो आणि पुढचा भाग खाली जातो. काही मिनिटांत बोट बुडू शकते. मी हात वर केला की त्याने विचार न करता पॅडल खाली टाकून बंद करायचं. हा विश्वास असेल तर जा, नसेल तर फ्लॅटच बरा.

बर्मिंगहॅमचा एक

वरच्या ताईंनी सगळं खरं लिहिलंय. आम्ही दोन वर्षं राहून सोडली, कारण बायकोच्या ऑफिसने पाच दिवस यायला सांगितलं. नियम असा की एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, १९९५च्या कायद्यातच आहे. दर दोन आठवड्यांनी ऑफिसचा रस्ता बदलतो, मागे ठेवलेली गाडी आणायला सायकलने जावं लागतं. शिवाय हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद होतात, त्या तारखा आधीच पाहून ठेवा.

पत्त्याचं म्हणाल तर डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. पण एका बँकेने आमचं खातं तीन महिने अडवून ठेवलं होतं. कोणातरी नातेवाइकाचा पत्ता आधीच ठरवून ठेवा. कॅसेटबाबत मात्र माझं मत वेगळं. मोठी टाकी आणि पंप-आउट घ्या, म्हणजे टाकी भरली की ठरलेल्या जागी बोट नेऊन पंपाने उपसून घ्यायची, रोजची कटकट नाही.

कालव्यावरची

पंप-आउटची टाकी भरली आणि कालवा गोठला तर बोट हलवता येत नाही, दादा. कॅसेट पायी नेता येते. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात नऊ दिवस बर्फात अडकलो होतो, तेव्हा शेजारच्या पंप-आउटवाल्यांना आमची जादा कॅसेट दिली.

रेडिंगकर

दोघांचेही मनापासून आभार. नवऱ्याला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कॅसेटच्या पाळीला तो हो म्हणाला. आई-बाबांचं तेवढं सांगाल का?

कालव्यावरची

सासूबाई आल्या तेव्हा अडुसष्टच्या होत्या, गुडघे दुखरे. बोटीत उतरायला तीन उंच पायऱ्या. नवऱ्याने काठाला लाकडी ठोकळा ठेवला, आत दोन्ही बाजूंना दांडे बसवले. तरी रात्री त्यांची सोय जवळच्या बी अँड बीमध्ये (छोटं घरगुती हॉटेल) केली, कारण अंधारात त्या अरुंद संडासात त्यांना जाववेना. सकाळी नऊला आणायचो. पुढच्या डेकवर खुर्चीत बसून त्या मेथी निवडत, दाण्याची सालं पाखडत. बोट ताशी तीन मैलांनी चालते, त्यामुळे टोपाथवरून चालणारे लोक त्यांच्याशी बोलत बोलत बरोबर येत. इंग्रजी येत नसताना त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंना मेथीचे पराठे शिकवले. पंधरा दिवसांपैकी चार दिवस पावसाचे होते. त्या दिवसांत त्या आत अस्वस्थ झाल्या, तेव्हा बसने बाथ शहरात नेलं. तुम्हीही मुक्कामाच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवा.

आणि घेण्याआधी आठवडाभर बोट भाड्याने घेऊन राहून पाहा, तीही फेब्रुवारीत. काही कंपन्या हिवाळ्यातही देतात. जूनमध्ये राहून काही कळणार नाही.

रेडिंगकर

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरून चौकशीची मेल केली आता. डिव्हायझेसहून निघायचं म्हणतोय.

कालव्यावरची

तेव्हा आम्ही प्यूसीच्या आसपास असू. या जेवायला. आणि गमबूट आणा, प्रत्येकी एक जोड जादाही, टोपाथवर तेव्हा घोट्यापर्यंत चिखल असतो.