मदत हवी आहे: टीएलआर४ बिघडलेल्या उंदरात गुळवेलीच्या अर्काचा परिणाम दिसत नाही. हा पुरावा मानायचा की अर्कात एंडोटॉक्सिन आहे?

नमस्कार मंडळी,

मी इम्युनॉलॉजीत पीएचडी करते आहे. इथे मायक्रोबायॉलॉजी, फार्मसी आणि प्राणिप्रयोगांतली बरीच जाणकार माणसं आहेत, म्हणून प्रश्न सविस्तर मांडते. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

काम गुळवेलीच्या खोडावर आहे. पाण्यात काढलेल्या अर्कातलं पॉलिसॅकराइड (शर्करांची लांब साखळी) इथेनॉल घालून खाली बसवलं, वाळवलं आणि उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर टाकलं. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीला टीएनएफ आणि आयएल-६ ही दाहाचा निरोप देणारी प्रथिनं दोन्ही चांगली वर जातात. मग तेच टीएलआर४ बिघडलेल्या सी३एच/एचईजे जातीच्या उंदरांच्या पेशींवर केलं. ही प्रथिनं मोजायच्या एलायझा चाचणीच्या प्लेटमध्ये (प्रथिन जास्त, तितका पिवळा रंग गर्द) आम्ल घातल्यावर नेहमीच्या सी३एच/एचईएन उंदरांच्या विहिरी गर्द पिवळ्या झाल्या, एचईजेच्या रांगा जवळजवळ पाण्यासारख्या राहिल्या. टीएलआर२ला चेतवणारं पॅम३सीएसके४ घातलेल्या विहिरी मात्र दोन्हीकडे पिवळ्या. म्हणजे एचईजेच्या पेशी जिवंत आहेत, टीएलआर२ची वाट चालू आहे, बंद आहे ती फक्त टीएलआर४ची.

गाईड म्हणतात, मेकॅनिझम मिळाली, अर्क टीएलआर४मार्फत काम करतो, पेपर लिहायला घे. मला ते पटत नाही.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टीएलआर४ हे जनुक उंदराच्या ४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, ओळखणारा रिसेप्टर त्यातून बनतो. रक्तातलं एलबीपी एलपीएसचा रेणू उचलून सीडी१४कडे देतं, सीडी१४ तो टीएलआर४ आणि एमडी-२च्या जोडीकडे पोचवतं, मग आत मायडी८८च्या वाटेने एनएफ-कप्पा-बी जागं होतं आणि टीएनएफ, आयएल-६ बाहेर पडतात. दुसरी वाट ट्रिफची, तिथून इंटरफेरॉन-बीटा.

अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीतल्या सी३एच/एचईजे उंदरांवर एंडोटॉक्सिनचा परिणाम होत नाही, हे १९६०च्या दशकातच लक्षात आलं होतं. कारण सापडलं १९९८ साली, डॅलसला ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला. रिसेप्टरच्या पेशीच्या आतल्या भागात ७१२व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन. एवढ्या एका बदलाने रिसेप्टर पेशीवर असूनही निरोप आत जात नाही. सी५७बीएल/१०एससीसीआर जातीत तर हे जनुकच गळालेलं आहे. बॉयटलर यांना २०११च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच कामासाठी. आणि हे उंदीर एंडोटॉक्सिनने मरत नाहीत, पण साल्मोनेलाच्या संसर्गाला इतरांपेक्षा फार लवकर बळी पडतात. दाह कमी झाला म्हणजे भलं झालं, असं आपल्याकडे सर्रास लिहितात. ते वाचून मला दर वेळी हे उंदीर आठवतात.

आता माझी अडचण. अर्कातलं पॉलिसॅकराइड खरंच टीएलआर४ला चेतवत असेल, तर एचईजेत परिणाम दिसणार नाही. आणि पॉलिसॅकराइड काहीच करत नसून अर्कात नुसतं एलपीएस आलेलं असेल, तरीही एचईजेत परिणाम दिसणार नाही. दोन्हींचा निकाल हुबेहूब एकच! मॅक्रोफेजला एक नॅनोग्रॅम प्रति मिली एलपीएससुद्धा पुष्कळ होतं. माझ्या डोसात ते वजनाने लाखात एक भाग भरेल. जमिनीलगतच्या वेलीवर जिवाणू असणारच, आणि खोडाच्या आत राहणारे धुऊन जात नाहीत.

आजवर केलेलं असं: एलपीएसला चिकटून ते झाकणारं पॉलिमिक्सिन बी घातल्यावर टीएनएफ निम्म्याच्या आसपास येतो, पूर्ण जात नाही. एंडोटॉक्सिन शोधायची एलएएल चाचणी पॉझिटिव्ह आली, पण ती बीटा-ग्लुकॅन या पॉलिसॅकराइडलाही फसते आणि माझा नमुना पॉलिसॅकराइडचाच आहे. अर्क उकळून पाहिला, काही फरक नाही. पण एलपीएस ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांतही टिकतं, मग उकळण्यातून काय कळणार?

या दोन शक्यता वेगळ्या करणारा प्रयोग कुठला? पॉलिमिक्सिननंतर उरलेला निम्मा परिणाम खरा धरायचा का? कृपया ज्यांनी हे स्वतः हाताळलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे, ती सोडू नका. वनस्पतींच्या अर्कांवरच्या कामात याच ठिकाणी घोळ होतो.

उरलेला निम्मा परिणाम लगेच खरा धरू नका. पॉलिमिक्सिन धनभारित असतं. तुमच्या पॉलिसॅकराइडमध्ये आम्लधर्मी शर्करा असतील तर ते तिथेच चिकटून बसेल आणि एलपीएस मोकळं राहील. अर्कात माहीत असलेलं एलपीएस मुद्दाम मिसळा आणि पॉलिमिक्सिन ते झाकतं का ते बघा. झाकलं नाही, तर तुमच्या त्या आकड्याला अर्थ नाही.

एलएएलऐवजी रिकॉम्बिनंट फॅक्टर सी ही एंडोटॉक्सिनची दुसरी चाचणी वापरा, त्याला ग्लुकॅन दिसत नाही. मिसळलेलं एलपीएस पूर्ण परत मोजलं जातं का, हे तिथेही तपासाच. आकडा हाती आला की तेवढंच शुद्ध एलपीएस एकटं त्याच पेशींवर टाका. त्यानेच तेवढा टीएनएफ आला, तर पॉलिसॅकराइडच्या नावावर काही उरत नाही. मला विचाराल तर सगळ्यात आधी हेच करा. स्वस्तही आहे. शुद्ध म्हणजे फिनॉलने पुन्हा शुद्ध केलेलं घ्या, कारण साध्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटीन असतात आणि ती टीएलआर२ला चेतवतात.

यातून निघालात तर एंडोटॉक्सिन काढून टाकलेला अर्क पुन्हा तपासा. क्रिया टिकली तरच टीएलआर४चं नाव घ्या. शिवाय एचईजे आणि एचईएन वेगळे होऊन अनेक दशकं झाली, त्यांच्यात इतरही फरक असणार. टीएके-२४२ने टीएलआर४ अडवूनही एकदा बघा. आणि काचसामान २५० अंशांना किमान अर्धा तास कोरडं भाजा, नाहीतर सगळं पुन्हा तिथेच येईल.

धागालेखिका

मनापासून आभार. पॉलिमिक्सिन पॉलिसॅकराइडलाच चिकटेल हे डोक्यातच आलं नव्हतं. शुद्ध एलपीएसची तुलना या आठवड्यात लावते. गाईडपुढे नुसती शंका मांडण्यापेक्षा तो आलेख ठेवणं बरं.

एकच विचारायचं राहिलं. रिकॉम्बिनंट फॅक्टर सीचं अख्खं किट मोजक्या नमुन्यांसाठी घेणं आमच्या प्रयोगशाळेला परवडणारं नाही. पुणे-मुंबईत कुणाकडे उघडलेलं किट असेल आणि माझे नमुने त्यांच्या प्लेटवर बसत असतील तर व्यनि करा. खर्च देईन, नमुने बर्फात घालून स्वतः घेऊन येईन.