चर्चा धागा: नृत्य इतर विषयांशी जोडावे का, आणि ते कोणी जोडावे?

गणित शिक्षिका (धागाकर्ती):
शाळेत नृत्य इतर विषयांच्या अध्यापनात आणावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र नृत्याच्या आणि त्या विषयाच्या अशा दोन्ही शिक्षकांनी तो पाठ एकत्र बसून आखलेला असावा. तिहाईचेच पाहा. एकच बोल, म्हणजे तालाच्या अक्षरांचा तुकडा, तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर), संपवायची ही रचना. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून पाच मात्रांचा बोल तीनदा घेतला आणि मध्ये एकेक मात्रा थांबले, तर शेवटचा ठोका सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर पडतो. बोल ‘क’ मात्रांचा आणि विराम ‘व’ मात्रांचा धरला की ३क + २व = १७ हे समीकरण मिळते. चार मात्रांच्या बोलाला पूर्ण मात्रांचा विराम का जुळत नाही, हे मुले आधी पायांनी अनुभवतात आणि मग सम-विषम संख्यांच्या आधारे सिद्ध करतात. असा पाठ एकट्या शिक्षकाच्या हातून क्वचितच घडेल.

नृत्य शिक्षक:
तिहाईत गणित मुळातच आहे. बहुतेक एकात्मिक पाठांत तसे काही नसते. जलचक्र नाचून दाखवताना मुले हात वर नेतात आणि बोटे हलवत खाली आणतात. वाफ थंड झाल्यावर तिचे थेंब का होतात, हे त्यातून कळत नाही. नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीचा विचार भार, अवकाश, काळ आणि प्रवाह या अंगांनी केला. त्या निकषांवर तपासले तर त्या पाठात नृत्यही सापडत नाही. आमच्या मोजक्या तासिका अशा उजळणीत गेल्या, तर नृत्य शिकवायचे केव्हा?

विज्ञान शिक्षक:
जलचक्राचा पाठ खुशाल वगळा. पण हात पसरून सुरू केलेली गिरकी हात छातीशी घेताच वेग का घेते, हे विचारून पाहा. वस्तुमान अक्षाजवळ आल्याने जडत्व आघूर्ण (फिरण्याच्या वेगातील बदलाला होणारा विरोध) घटते आणि कोनीय संवेग (जडत्व आघूर्ण आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार) जवळजवळ कायम राहतो, म्हणून वेग वाढतो. विद्यार्थ्याचा तोल गेला तर हा परिणाम दिसतच नाही, म्हणून येथे नृत्याच्या शिस्तीत सूट देणे विज्ञानालाच परवडणारे नाही.

नृत्य शिक्षक:
हे उदाहरण मला पटते, तरीही प्रश्न अधिकाराचा राहतो. एकत्रित नियोजनाची तासिका वेळापत्रकात नसेल, तर विषय शिक्षक तयार आराखडा आणतात आणि आम्हाला ‘यावर काहीतरी बसवून द्या’ एवढेच सांगितले जाते. त्याला सहकार्य कसे म्हणावे? नियोजनाची तासिका ठरलेली असावी, संयुक्त पाठ त्या विषयाच्या तासिकेत व्हावा आणि नृत्याचे गुण नृत्य शिक्षकानेच द्यावेत, या माझ्या अटी आहेत.

गणित शिक्षिका:
पहिल्या दोन अटी मला पूर्णपणे मान्य आहेत आणि त्यासाठी माझ्या तासिका मी देईन. तिसरी मात्र मान्य नाही. तिहाई समेवर आली की नाही, हे मलाही मोजता येते आणि विद्यार्थ्याने विराम कसा निवडला, हे तुम्हालाही विचारता येईल. गुण वेगवेगळे दिले, तर आपण दोघे एकमेकांचा विषय समजून घेण्याचे टाळू.